गुऱ्हाळातला फुकटचा रस

फार जुनी गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि आम्हाला सगळं ठाऊक आहे म्हणणाऱ्या मोठ्यांनी तर जरूर ऐकावी!

एका गावात तुळाजीचं गुऱ्हाळ होतं. वडील गेल्यावर नुकतंच ते त्याच्याकडे आलं होतं. तिथली रीत अशी, की वाटेने जाणाऱ्या कुणीही आत यावं, पोटभर उसाचा रस प्यावा, घटकाभर बसावं. पैसा घ्यायचा नाही.

एकदा बाजारात एका व्यापाऱ्याने तुळाजीला नवा शब्द शिकवला. "ज्यात घालायचं जास्त आणि हाती यायचं कमी, तो आतबट्ट्याचा धंदा." झालं! स्वारीला तो शब्द फारच आवडला. कुत्र्याला भाकरी टाकणं आतबट्ट्याचं. देवळातल्या दिव्याला तेल देणंही आतबट्ट्याचं. बायको म्हणाली, "मग तुम्हाला दोन वेळा जेवू घालणं कशात बसतं हो?" पण ऐकतो कोण?

शेवटी त्याची नजर रसावर गेली. "रोज घडाभर रस फुकट? बंद!"

गूळ शिजवणारा म्हातारा मालबा हळूच म्हणाला, "मालक, थोरल्या मालकांनी हे कधी बंद केलं नव्हतं."

"म्हणूनच ते श्रीमंत झाले नाहीत," तुळाजी म्हणाला.

लोक दुसऱ्या वाटेने जाऊ लागले.

हंगामाची शेवटची आणि सगळ्यात मोठी काहील, म्हणजे रस आटवायची कढई, चुलाणावर चढली. हा गूळ राजवाड्यात जायचा होता आणि त्याच्या मोबदल्यात घरात वर्षभराची ज्वारी यायची होती. रस आटला, तसा मालबा ओरडला, "झाला गूळ! उतरवा!"

एवढी मोठी काहील उतरवायला आठ माणसं लागतात. गुऱ्हाळात होती चार. बाकीची चार दरवर्षी रस प्यायला बसलेल्यांतूनच उठायची, न बोलावता.

चौघांनी जोर लावला. काहील हलेना. तुळाजी रस्त्यावर धावला. "अहो, कुणी आहे का?" रस्ता रिकामा होता.

तो परत आला तोवर गूळ करपून काळा झाला होता. तुळाजी मटकन खाली बसला आणि रडू लागला.

मालबा शेजारी येऊन बसला. "घडाभर रस वाचला मालक, काहीलभर गूळ गेला. आता आतबट्ट्याचं कशाला म्हणायचं, ते तुम्हीच सांगा."

त्या वर्षी घरात ज्वारी पुरली नाही. पुढच्या हंगामात पहिला रस तुळाजीने स्वतः घड्यात भरला आणि रस्त्यावर नेऊन ठेवला. कुत्र्याची भाकरीही पुन्हा सुरू झाली.

तात्पर्य: नुसतं काय जातं ते पाहून कशालाही आतबट्ट्याचं म्हणू नये, त्यातून काय येतं तेही आधी पाहावं.