‘इतर’ दालनाची भिंत

वेळ सकाळी सहाची. स्थळ, एका बंदरावरचे वर्गीकरण-भवन. समुद्रावर धुके होते आणि धुक्यातून जहाजांच्या फक्त डोलकाठ्या दिसत होत्या.

जगातल्या मालाला त्या भवनात दालने होती, दालनांना क्रमांक होते. क्रमांक पाहूनच व्यापारी आत शिरत. कोणता माल कुठे जाईल हे दारावर बसून ठरवण्याची विद्या एक वृद्ध आचार्य आपल्या शिष्याला शिकवत होते.

त्या सकाळी जंगलाकडची एक बाई दोन पोती घेऊन आली.

“काय आहे?” शिष्याने विचारले.

“मोहफुलं. वाळवलेली.”

“फुलांच्या दालनात शोभेची फुले असतात. सुकामेवा म्हणावा, तर हे फळ नव्हे. मग दारूच्या कच्च्या मालात टाकू?”

“दारू तुमच्या डोक्यात हाये, बाबू!” बाई उसळली. “आमी भाकरीत घालतो, लेकराले देतो. भरती आली का जहाज निघंल. इथल्या ओल्या हवेत उद्या बुरशी धरंल. पावसाळ्याचं धान्य ह्यावरच घ्यायचं हाये मले.”

शिष्याने मान झटकली आणि पोती शेवटच्या दालनात ढकलली. दारावर लिहिले होते, ‘इतर’. तिकडे व्यापारी फिरकत नसत. तिथे काय मागायचे हेच त्यांना ठाऊक नव्हते.

आचार्य म्हणाले, “आता तूही आत जा. पलीकडच्या भिंतीला हात लावून ये.”

“गुरुजी, भिंतीला?”

“भिंतीलाच.”

शिष्य निघाला. मधाचे बुधले, वेताच्या टोपल्या, घोंगड्या, कधी न पाहिलेली बियाणी. प्रत्येक गाठोड्याची गाठ वेगळ्या हाताची. चालता चालता छप्पर विरळ झाले, वर ढग दिसू लागले. पायाखालची फरशी संपून गवत लागले. मालाच्या रांगा क्षितिजाकडे उतरत गेल्या होत्या आणि सगळीकडे मोहाचा गोड, जड वास होता. भिंत आलीच नाही.

तो परतला तेव्हा भरती चढत होती.

“लागला हात?” बाईने टोमणा मारला.

आचार्य शांतपणे म्हणाले, “आपल्याकडे शिंगाच्या बटणांना एक कप्पा आहे, शिंपल्याच्या बटणांना दुसरा. का? ज्यांची जहाजे आधी आली, त्यांनी ही दालने आखली. स्वतःचा माल त्यांनी बारकाईने पाहिला. दुसऱ्याचा पाहिलाच नाही, आणि न पाहिलेल्याला नाव दिले ‘इतर’. ते मालाचे नाव नाही, बाळ. ते आपल्या अज्ञानाचे नाव आहे. त्याला भिंत कुठून असणार?”

शिष्य पुन्हा ‘इतर’मध्ये शिरला. त्याने पोती पाठीवर घेऊन दर्शनी दारात आणली आणि खडूने लिहिले, ‘मोहफुले, खाण्याची’. जहाजाकडे धावणारा एक व्यापारी थबकला. त्याने एक फूल तोंडात टाकले.

“इतके दिवस हे कुठे होते?”

“इथंच,” बाई म्हणाली. “भाव बोला, शेठ.”

भाव ठरला. पोती जहाजावर चढली आणि धुक्यात दिसेनाशी झाली.

त्या दोन पोत्यांच्या आधी ‘इतर’मध्ये गेलेला माल अजून आतच आहे. तो घेऊन आलेली माणसे कुठे गेली, हे भवनातल्या कोणीही आजवर सांगितलेले नाही.