नाल्यापलीकडचा साळिंदर

एका जंगलाच्या कडेने नाला वाहत होता. नाल्याच्या अलीकडे दाट झाडी आणि पलीकडे उघडा, खडकाळ माळ. झाडीच्या काठाशी, करवंदीच्या जाळीखाली बीळ करून एक साळिंदर आपल्या बायकोसोबत राहत असे. त्यांना नुकतेच एक पिल्लू झाले होते. साळिंदराला त्याचे एवढे कौतुक, की कंद खणायला गेला तरी अर्ध्या पोटीच घरी पळत यायचा. बायको हसायची, पण तिलाही ते आवडायचे.

मुलांनो, असा संसार सुखात चालला असताना एके सकाळी टिटवी रडतओरडत जंगलभर फिरली. नाल्याकाठची तिची अंडी फुटली होती आणि त्यांच्याशेजारी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा एक काटा पडला होता. असा काटा साळिंदराखेरीज कोणाच्या पाठीवर असणार? "माझी अंडी यानेच खाल्ली," टिटवी म्हणाली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावायला काही लागत नाही.

जंगलाचा न्याय म्हातारा सांबर करायचा, तोही फक्त पौर्णिमेला. तोवर ज्याच्यावर आरोप असेल त्याने नाला ओलांडून माळावर राहायचे, अशी रीत होती. आणखीही एक रीत होती. आरोपीने स्वतः बोलायचे नाही. घाबरलेला जीव भलतेसलते बोलून जातो, म्हणून त्याची बाजू दुसऱ्या कोणीतरी मांडायची. रीत चांगली होती, पण तो दुसरा ज्याचा त्याने शोधायचा होता.

साळिंदर माळावर गेला. दिवसभर तो खडकाच्या कपारीत पडून राही आणि ऊन उतरले की काठावर येऊन बसे. समोर, अगदी समोर, करवंदीची जाळी दिसे. वारा तिकडून आला की बिळातल्या ओल्या मातीचा वास येई आणि त्याचा जीव कासावीस होई. पिल्लू आता आईच्या कुशीत झोपले असेल का? की बिळाच्या तोंडाशी येऊन बाहेर डोकावत असेल? नाला तो केवढा, मनात आणले असते तर सहज ओलांडता आला असता. पण ओलांडला म्हणजे गुन्हा कबूल केला, असे जंगल समजत असे. म्हणून तो नुसता बघत राहायचा.

पाणी प्यायच्या निमित्ताने बायको समोरच्या काठावर येई. पिल्लाला ती आणत नसे, कारण त्या बाजूला तरस फिरायचा.

"अहो, घोरपडीला सांगा ना तुमची बाजू मांडायला," ती एकदा म्हणाली. "शेजारचीच आहे. हे सगळं जंगल तिच्या पायाखालचं आहे."

"ती? तिच्या तोंडून एक वाक्य निघायचं तर दुपार उलटते."

"पण निघालेलं वाक्य तिला मागे घ्यावं लागत नाही."

साळिंदराने मान फिरवली. खरे कारण वेगळेच होते, आणि ते मी तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, उगाच ताणत बसत नाही. टिटवीच्या घरट्याजवळ त्या रात्री साळिंदर खरोखरच गेला होता. म्हाताऱ्या सांबराचे गळून पडलेले शिंग तिथे होते. सांबराचे शिंग जिथे गळेल तिथेच राहू द्यायचे, त्याला कोणी तोंड लावायचे नाही, असा त्याचा मान होता. पण साळिंदरांना हाडे, शिंगे कुरतडावी लागतात, त्याशिवाय त्यांच्या अंगात ताकद येत नाही. आणि बायको तर बाळंतीण. साळिंदराने शिंगाचा तुकडा मोडून तिला नेऊन दिला आणि कुठलेसे हाड सापडले म्हणून सांगितले. अंड्यांकडे त्याने ढुंकूनही पाहिले नव्हते.

आता हे शेजारच्या घोरपडीला कसे सांगायचे? ती रोज समोर येणार, रोज बघणार. ओळखीच्या माणसासमोर लाज वाटते आणि परक्यासमोर खोटे बोलणे सोपे जाते. तसेच त्याचे झाले. त्याने डोंगरापलीकडून एक कोल्हा बोलावला. कोल्ह्याचे बोलणे ऐकून दगडालाही पाझर फुटतो, अशी त्याची कीर्ती होती.

"तू त्या रात्री कुठे होतास?" कोल्ह्याने विचारले.

"बिळात," साळिंदर म्हणाला.

पौर्णिमा आली. नाल्याच्या अलीकडच्या काठावर सभा भरली, साळिंदर पलीकडून ऐकत होता आणि चंद्र वर येताच कोल्हा उभा राहिला. त्याने टिटवीच्या दुःखाबद्दल चार शब्द असे काढले की टिटवीलाही हुंदका आवरेना. मग तो म्हणाला, "हा काटा वाऱ्याने उडत आला. माझा पक्षकार त्या रात्री बिळाबाहेर पडलाच नाही."

"पडला होता," वरच्या फांदीवरून पिंगळा म्हणाला. "नाल्याकडून घाईघाईने परत येताना मी त्याला पाहिला."

झाले. सभेत एकच गलका उडाला. सांबराने सगळ्यांना गप्प केले आणि तो साळिंदराला म्हणाला, "पुढच्या पौर्णिमेला निकाल देईन. पण लक्षात ठेव, अंडी तूच खाल्लीस असं ठरलं, तर पुन्हा या जंगलात पाय ठेवता येणार नाही."

कोल्ह्याने जाताना साळिंदराकडे पाहिले. "मी तुझ्याच शब्दावर उभा होतो," एवढेच तो म्हणाला आणि डोंगराकडे निघून गेला. त्यात त्याची तरी काय चूक?

मग पुन्हा माळ, पुन्हा तोच काठ. आता तर साळिंदराला करवंदीच्या जाळीकडे बघवतही नव्हते आणि बघितल्यावाचून राहवतही नव्हते. पिल्लू चालायला लागले, असे बायकोने सांगितले. पिल्लाने पहिला कंद खणला, असेही सांगितले. साळिंदर प्रत्येक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारून घ्यायचा. कंद केवढा होता? खणताना पडले का? मग कपारीत जाऊन तो ते सगळे मनात रंगवत बसायचा, आणि रंगवता रंगवता रडायचा.

एके दिवशी घोरपड आपणहून नाला ओलांडून आली. खडकावर अंग टाकून तिने बराच वेळ ऊन खाल्ले आणि मग म्हणाली, "काय झालं ते खरं सांग. मला आवडेल असं काही नको."

"सांगितलं तर तू मला काय म्हणशील?"

"काय म्हणायचं ते मी मनात म्हणेन. सांबरासमोर तुझीच बाजू मांडेन."

साळिंदराने मान खाली घालून सगळे सांगितले.

"हे आधीच का नाही बोललास?" घोरपडीने विचारले.

"शिंग सांबराचं. न्याय करणाराही सांबरच."

"म्हणजे लहान चूक झाकायला तू मोठ्या आरोपाचं पांघरूण घेतलंस," घोरपड म्हणाली.

पुढच्या पौर्णिमेला ती सभेत सावकाश पुढे आली. "साळिंदर त्या रात्री तिथे होता," ती म्हणाली. "काटा त्याचाच आहे." घोरपड पुढे बोलतच होती. "तो तुमच्या शिंगाचा तुकडा कुरतडून न्यायला गेला होता, महाराज. बायको बाळंतीण होती. शिंग अजून तिथे आहे, त्याच्यावर दातांच्या खुणाही आहेत. ही चूक त्याला कबूल आहे." मग ती टिटवीकडे वळली. "बाई, तुझं दुःख मोठं आहे. मी एकच विचारते. अंडी खाऊन रिकामी केलेली होती का?"

"नाही," टिटवी म्हणाली. "मातीत चेपली होती. बलक सगळा तसाच होता. हे मला कोणी विचारलंच नाही."

"अंडी खायला आलेला बलक टाकून जात नाही," घोरपड म्हणाली. "ती कोणाच्या तरी खुराखाली आली."

सांबराने आपल्या खुरांकडे पाहिले. त्याचा कळप रोज त्याच वाटेने पाण्यावर जात असे. कोणाच्या पायाखाली अंडी आली ते आता कळणार नव्हते. सांबर उठला, टिटवीसमोर गेला आणि त्याने मान खाली झुकवली. मग तो साळिंदराला म्हणाला, "तुझ्यावरचा आरोप खोटा ठरला. घरी जा. आणि शिंग म्हणशील, तर ते माझ्या डोक्यावरून गळलेलंच होतं. मागितलं असतंस तर दिलं असतं."

साळिंदर धावतच नाला ओलांडून करवंदीच्या जाळीपाशी आला. बायको पुढे होऊन पिल्लाला बाहेर घेऊन आली. पिल्लू केवढे मोठे झाले होते! त्याने साळिंदराकडे पाहिले आणि ते आईच्या मागे लपले.

"आई, हे कोण?"

"अरे, बाबा आहेत तुझे."

पिल्लाने जरा विचार केला. "बाबा तर पलीकडे असतात," ते म्हणाले आणि बिळात निघून गेले.

तात्पर्य : जो आपली बाजू मांडणार आहे, त्याच्यापासून लाजेपोटी काही लपवू नये. उशिरा सांगितलेले सत्य आरोपातून सोडवते, पण मधले दिवस परत आणून देत नाही.