न फोडलेला ठसा

“…पण अब्बा, देवाची मूर्ती कोरणारा पापी, की ती नाण्यावर उठवणारा?”

विचारणारा थेओन, अंत्युखिया शहराच्या टांकसाळीत नाण्यांचे ठसे कोरणारा. एरवी याची मान कुणापुढे वाकायची नाही. आज मात्र गुहेच्या तोंडाशी बसून तो सारखा मागे वळून रस्ता बघत होता.

त्या गुहेत राहणारे म्हातारे संन्यासी योनान, सगळ्यांचे अब्बा, म्हणाले, “झालं काय, ते सांग.”

झालं ते असं. दोन सम्राट एकमेकांच्या जिवावर उठलेले. एकाच्या नाण्यामागे सूर्यदेव, दुसऱ्याच्या नाण्यामागे क्रूस. क्रूसवाल्यानं शहर घेतलं. सम्राट बदलला की जुने ठसे घणाखाली फोडायचे, हा टांकसाळीचा रिवाज. थेओननं सगळे फोडले, एक सोडून. घण मारून नाणी पाडणाऱ्या सिमोननं नवी नाणी पाडताना घाईत नेमका तोच उचलला. पुढे नव्या सम्राटाचं तोंड, मागे शत्रूचा देव! आणि ती नाणी थेट सैनिकांच्या हातात पडली.

“सिमोनला धरलंय,” थेओन म्हणाला. “ठसा त्यानंच लपवला म्हणतात. दिवस मावळला की त्याचे दोन्ही हात तोडणार.”

“आणि ठेवला कुणी होता?”

थेओननं पुन्हा वळून रस्त्याकडे पाहिलं.

“थेओन?”

“मला भीती वाटते, अब्बा. माझ्यासाठी प्रार्थना करा.”

अब्बांनी नुसता हात पुढे केला. थेओननं कमरेला खोचलेलं त्यातलंच एक नाणं काढून दिलं. अब्बांनी ते उन्हात धरलं आणि नाक मुरडलं.

“सूर्य अगदीच ओबडधोबड आहे. शिकाऊ हात दिसतो. सिमोननंच कोरला असेल.”

“सिमोननं?” थेओन ताडकन उठला. “त्याला सरळ रेघ ओढता येत नाही! हा माझा हात आहे, माझा! हे किरण बघा. अख्ख्या साम्राज्यात कुणी असे काढून दाखवावेत! म्हणून तर तो ठसा फोडवला नाही मला!”

आवाज गुहेत घुमला.

मग…

थेओनचा चेहरा पांढराफटक पडला.

अब्बांनी नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची मूठ मिटवली.

“ऊन आहे अजून. तुरुंगाच्या दाराशीही एवढ्याच मोठ्यानं सांग.”