बाबालाल वस्तादांचा पहिला डाव

"पण पहिला डाव आला कुठून, वस्ताद?" मेजर आनंदा चौगुलेने तिसऱ्यांदा विचारलं.

बाबालाल वस्ताद आखाड्यातली तांबडी माती फावड्याने परतत राहिले. वय ऐंशीच्या घरात, पण पाठ ताठ.

पंचवीस वर्षांपूर्वी फौजेने त्यांना मानाने बोलावलं होतं. कमांडोंसाठी नुसत्या हातांनी लढायची नवी विद्या त्यांनी दोन वर्षं खपून बांधून दिली. पहिल्या तुकडीत त्यांच्याच तालमीतला आनंदा होता. पुढे त्याने चारशे जवान तयार केले, आणि ती घमेंड त्याच्या चालण्यात उतरली. का उतरू नये?

आता त्या विद्येचं पुस्तक निघणार होतं. नावही ठरलं होतं, बाबालाल पद्धत. पहिल्या डावाचा उगम तेवढा लिहायचा होता आणि वस्तादांची सही हवी होती.

वस्ताद काही सही करेनात. माझं नाव नको, एवढंच म्हणाले. म्हातारा भाव खातोय, असं आनंदाला वाटलं.

शेवटी वस्तादांनी फावडं टाकलं.

"कुस्तीत हरणाऱ्याला काय दावतो आपण?"

"आसमान."

"मग दाव मला."

आनंदाला हसू आलं. याच मातीत त्याने भल्याभल्यांना उताणं पाडलं होतं. बूट काढले, माती कपाळाला लावली आणि म्हाताऱ्याचं हाड मोडू नये म्हणून बेताने पाय धरून पट काढला.

पण कसं कोण जाणे... त्याचे हात आपसूक वस्तादांच्या मागे गेले. गुडघा पाठीत, कोपर मानेवर. वस्ताद पालथे, तोंड मातीत.

"चुकलं, वस्ताद."

"पुन्हा."

पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर त्याने एकेक बोट सांभाळलं. तरी तेच.

आनंदाने पकड सोडली आणि आपल्या हातांकडे पाहिलं. जत्रेतली मानाची कुस्ती मारली होती या हातांनी. पडलेल्याला हात देऊन उठवलं होतं, दोघं मिळून हसले होते. ते हात गेले कुठे?

"ह्योच पहिला डाव," वस्ताद मातीतूनच बोलले. "कुस्तीतलं चीत करायचं तेवढं काढून टाकलं मी. चीत झालेला उठतो रं, आपलाच हात धरून. फौजेला उठणारा नको हुता."

आनंदा बाजूला सरकून गुडघ्यांवर बसला.

"सात वर्षं शिकवली तुला कुस्ती. अन् दोन वर्षांत मीच पुसली. चूक झाली माझी."

सहीचा कागद आनंदाने चुरगाळून खिशात कोंबला आणि वस्तादांना उठवायला वाकला. वस्तादांनी त्याचा हात बाजूला सारला. गाल मातीला टेकवून तसेच पडून राहिले.

"आनंदा..."

"जी, वस्ताद."

"बघ जरा. आभाळ हाय का रं वर अजून?"