मुरुडशेंगेची जाळी

फार फार जुनी गोष्ट आहे बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, तुम्हीही जरा कान द्या. एका डोंगराच्या पायथ्याशी एक म्हातारी वैद्यीणबाई औषधांची विद्या शिकवायची. तिच्याकडे सगुणा नावाची मुलगी शिकायला आली. सगुणाच्या गावात तान्ही बाळं पोटदुखीने रडून रडून निळी पडायची आणि औषध देणारं कुणीच नव्हतं. निघताना गावातल्या बायांनी तिचे हात धरून सांगितलं होतं, "पोरी, शीक आणि लवकर ये गं."

डोंगरावर दाट रान होतं. उन्हाळ्याच्या तोंडी रानाभोवतीचं सुकलेलं गवत कापून मोकळा पट्टा करायची तिथली रीत होती. पलीकडून वणवा आला, तर त्याला खायला काही मिळू नये म्हणून. ज्याला वाटेल त्याने जावं, सक्ती कुणालाच नाही. सगुणाने आपणहून विळा उचलला.

आणि तिथूनच तिच्या डोक्याचा भुगा व्हायला लागला. परीक्षा जवळ आली होती. पोथी उघडली की वाटायचं, पट्टा राहिला. पट्ट्यावर गेली की वाटायचं, पाठ राहिला. जेवायला बसली तरी तिला कळेना, आपण नक्की कुठे असायला हवं?

एकदा तिने फांदीवरच्या वानराला विचारलं, "वानरदादा, अभ्यास करू की रान राखू?"

वानर म्हणालं, "मला काय विचारतेस? मी उडी मारताना फक्त उडीच मारतो. नाहीतर कधीच आपटलो असतो."

"म्हणजे मी काय करू?"

"ते मला काय ठाऊक!" म्हणत ते पसार झालं. घ्या! पोरगी होती त्याहून जास्त गोंधळली.

शेवटी तिने एक युक्ती काढली. हाताने गवत कापायचं आणि तोंडाने पाठ म्हणायचा. "मुरुडशेंग. पान खरखरीत, फूल लाल. शेंग दोरीसारखी पिळलेली. तान्ह्याच्या पोटदुखीवर उगाळून द्यावी." नजर आभाळात, मान डोलतेय, मोठ्या झोकात चाललं होतं. मध्येच झुडपांची जाळी आडवी आली. अंगाला खरचटायला लागलं, तशी वळसा घालून ती पुढे गेली. मागे खाटेएवढं गवत तसंच राहिलं.

थोड्याच दिवसांत वणवा आला. सगळीकडे तो पट्ट्यापाशी अडला, आणि त्या खाटेएवढ्या गवतातून आत शिरला. सगळ्यांनी ओल्या डहाळ्यांनी झोडपून तो विझवला, पण उताराचा एक तुकडा काळा पडलाच.

मग परीक्षा आली. वैद्यीणबाई म्हणाली, "सगुणा, मुरुडशेंग सांग."

सगुणाने घडाघडा सांगितली.

"छान. आता जा आणि चार शेंगा घेऊन ये."

सगुणा दिवसभर रानात वणवण फिरली आणि रिकाम्या हाताने परतली. "बाई, या रानात मुरुडशेंग नाहीच."

बाईने तिला त्या काळ्या उतारावर नेलं. "होती. सगळी इथेच होती. तू वळसा घातलास ना, तीच ही जाळी."

सगुणा त्या जळक्या जाळीपाशी वाकली. "अगं बाई! शेंगा माझ्या अंगाला घासत होत्या आणि मी त्यांचंच नाव घेत होते!" तिला रडू आवरेना. "बाई, माझं चुकलं कुठे? रानात आले ते, की पाठ म्हटला ते?"

"दोन्ही बरोबरच होतं गं. एकदा समोर बघितलं असतंस, तर दोन्ही तिथल्या तिथे झालं असतं."

सगुणा नापास झाली. गावातली बाळं आणखी वर्षभर रडत राहिली, आणि ते रडणं तिला इथवर ऐकू यायचं.

पावसाळ्यात जळक्या बुंध्यांना धुमारे फुटले. पुढे लाल फुलं आली, शेंगा धरल्या. सगुणा रोज जाऊन बघायची. उन्हाळ्याच्या तोंडी तिने पुन्हा पट्टा काढला, पण तोंडाने चकार शब्द न काढता.

पुन्हा परीक्षा आली. "मुरुडशेंग," बाई म्हणाली. सगुणा अडखळली. पाठातला शब्दच आठवेना. पण तिची बोटं हवेत आपोआप पीळ घालू लागली.

बाई हसली. "ऊठ, बांध बोचकं. तुझं गाव वाट बघतंय."

तात्पर्य: ज्याला राखायचं आणि ज्याच्याकडून शिकायचं ते पुष्कळदा एकच असतं, फक्त हात असतील तिथे डोळेही असू द्यावेत.