उन्हात विटलेला रंग

तापीकाठच्या एका नगरात, तिथल्या संशोधन संस्थेत हेमांगी नावाची रसायनशास्त्रज्ञ काम करत होती. ऊन टिपून वीज देणारे रंग ती घडवायची. कार्बनच्या अणूंची साखळी करायची, एक बंध साधा, पुढचा दुहेरी. साखळी लांबली की रंग जास्त ऊन टिपतो, म्हणून ती कडीला कडी जोडत गेली. शेवटी जांभळाच्या रसासारखा गडद रंग हाती आला. काचेच्या पट्टीवर चढवून उन्हात धरला, तर संस्थेतल्या कुठल्याही रंगाहून जास्त वीज निघाली.

पेढे वाटले गेले. सातपुड्यातल्या एका पाड्यावर दवाखाना होता. तिथे लसींच्या फ्रिजला पुरेशी वीज मिळत नसे. त्याच्या छपरावर हेमांगीच्याच पट्ट्या बसवायचं ठरलं.

शेजारच्या टेबलावर सुलेमान तडवी काम करायचा. त्याचा रंग पिवळा, वीज बेताची, म्हणून तो मागे पडला होता. एका दुपारी तो गच्चीवरून आला आणि हळूच म्हणाला, “हेमांगीताई, तुमची एक पट्टी वर राहिली होती. रंग विटायला लागलाय.”

“तुझा रंग हरला, म्हणून माझ्यात खोट काढतोस?” हेमांगी फणकारली.

“मी कुणाला बोललो नाही. तुम्हीच बघा.”

हेमांगी गच्चीवर गेली. पट्टी पार फिकी पडली होती. लांब साखळी उन्हाने तुटत होती. गप्प राहिली, तर कौतुक तिचंच होतं. पट्ट्या विटल्या असत्या त्या दूर डोंगरात. पण फ्रिज बंद पडून खराब झालेली लस टोचली जाणार कुणाला?

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांसमोर उभी राहिली. “माझा रंग उन्हात टिकत नाही. दवाखान्याला तो बसवू नका. हे मला सुलेमानने दाखवलं.”

संचालकबाई नाराज झाल्या. काम थांबलं. हेमांगी सुलेमानकडे गेली. “काल रागाच्या भरात बोलले, चुकलं माझं. तुझा रंग टिकतो कसा, सांगशील?”

“मी साखळी आखूड ठेवतो आणि तिला अणूंचंच कडं घालून आवळतो, मग ती उन्हात तुटत नाही. चला, तुमच्या साखळीला घालून बघू.”

दोघांनी मिळून नवा रंग केला. वीज आधीपेक्षा थोडी कमी, पण रंग पक्का. त्या पट्ट्या पाड्यावर चढल्या, आणि वैशाखातही फ्रिज गार राहिला.

तात्पर्य: कौतुक आपल्यासाठी असतं, काम दुसऱ्यासाठी. म्हणून आपल्या कामातली खोट आपणच आधी सांगावी, आणि ती दाखवणाऱ्याला वैरी समजू नये.