म्हणून दाखव, तरले!

एका राज्यात एक राजा होता, त्याला एक राणी होती, आणि दोघांना मिळून एक मुलगी होती. राजाचे नाव भानुकीर्ती, राणीचे वसुधारा, मुलीचे तरलिका. राजा शूर होता, न्यायी होता, दानी होता. एवढे गुण असले की एखादा दोष असायचाच. तो आता येईलच.

तरलिका सहा वर्षांची. तिला सगळ्याचे कुतूहल. गोगलगाय शिंगे आत घेते, तेव्हा ती ठेवते कुठे? हत्ती उभ्याने झोपतो, तर स्वप्नात पडत कसा नाही? केळफूल सदा खालीच का बघते? दिवसभर ती बागेत, पाकशाळेत, पागेत भटके आणि मळलेल्या परकराने येऊन आईला सगळे सांगे. सत्तावीस नक्षत्रे तिला पागेतल्या म्हाताऱ्या मोतद्दाराने शिकवली होती. ती तिने हौसेने पाठ केली. कुणी सांगितले नव्हते.

आता राजाचा दोष. दरबारात पाहुणा आला की सरबत येई, पान येई, आणि मग राजा हाक मारी, "तरले, इकडे ये. पाहुण्यांना नक्षत्रे म्हणून दाखव!" मुलगी म्हणून दाखवी, पाहुणा मान डोलवी, आणि राजाची छाती चार बोटे फुगे. हा दोष राजांनाच असतो असे मी म्हणत नाही. तुमच्या घरचे तुम्ही जाणा.

एके दिवशी जटाल नावाचा मांत्रिक पाहुणा म्हणून आला. त्याने नक्षत्रे ऐकली, मान डोलवली आणि झोळीतून चांदीची एक रिकामी तार काढली. म्हणाला, "राजा, ही गळ्यात घाल. कन्येने म्हणून दाखवावे, लोकांनी वाहवा करावी, की हिच्यात एक रत्न आपोआप ओवले जाईल. शंभरांची माळ आहे."

राजाने तार गळ्यात घातली. त्याच क्षणी टप्पोरे निळे रत्न तिच्यात चमकू लागले. दरबार थक्क झाला. मग काय विचारता! पाढे झाले, फुलांची नावे झाली, नद्यांची नावे झाली. आठवड्याला दोन-दोन रत्ने येऊ लागली, आणि पाहुणे नसतील तेव्हा राजा मुद्दाम बोलावून आणू लागला.

पहिल्यांदा लक्षात आले ते राणीच्या. ती मुलीला घेऊन गच्चीवर उभी होती. एक तारा निखळला आणि पार क्षितिजापर्यंत गेला. राणी म्हणाली, "पाहिलंस?" मुलीने मानसुद्धा वर केली नाही. म्हणाली, "नक्षत्रं ना? ती म्हणून दाखवली मी. ती झाली."

राणीच्या काळजात चर्र झाले. तिने ताडून पाहिले. मुलगी काहीच विसरली नव्हती. विचारले की घडाघडा सांगे. पण जे जे म्हणून दाखवले, त्याच्याकडे ती पुन्हा वळून बघत नव्हती. फुले झाली, नद्या झाल्या, गोगलगाय झाली. आता ती खिडकीशी नुसती बसून राही, खिडकीकडे पाठ करून. राणीने सांगताच राजाने घाबरून माळ काढू पाहिली, तर कडी उघडेना. सोनाराची पकड तिथे वितळली.

राजवाड्यामागे एका बेहड्याच्या झाडावर एक म्हातारा धनेश पक्षी राही. त्याला मनुष्यवाणी येत असे, पण तो सहसा बोलत नसे. राजाराणी त्याच्यापुढे हात जोडून उभी राहिली.

धनेश म्हणाला, "नव्याण्णव रत्ने झाली. शंभरावे ओवले गेले की कन्येचे डोळे स्फटिकाचे होतील. तिला सगळे दिसेल, पण काही पाहावेसे वाटणार नाही. जन्मभर."

"मी तिला पुन्हा म्हणून दाखवायला सांगणार नाही," राजा म्हणाला.

"येत्या पौर्णिमेला सम्राट येत आहेत. ते कन्येची कीर्ती ऐकूनच येत आहेत. त्यांना नाही म्हणशील?"

सम्राटांना नाही म्हणालेल्या तीन राज्यांत आता गुरे चरत होती.

"जटालाकडे जा," धनेश म्हणाला. "पायी जा. कन्येला बरोबर घे. आणि एक नेम पाळ. ज्याचे उत्तर तुला ठाऊक आहे, असा एकही प्रश्न तिला विचारू नकोस."

"एवढेच?" राजा म्हणाला.

"एवढेच," धनेश म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

राणीने राज्य सांभाळायला घेतले आणि बापलेक निघाली. वेशीबाहेर पडताच राजाने तोंड उघडले. बाळ, हे कसले झाड, असे विचारणार होता. उत्तर ठाऊक होते. तोंड मिटले. पुढे बगळे दिसले. बाळ, बगळे किती, असे विचारणार होता. मोजून झाले होते. पुन्हा मिटले. दुपारपर्यंत राजाला कळून चुकले, की परीक्षा सोडून आपल्याला या मुलीशी काही बोलताच येत नाही. त्याला फार लाज वाटली. तीन दिवस दोघे मुकाट चालली.

चौथ्या दिवशी जटालाची गुहा आली. जटाल दारातच ताक पीत बसला होता.

"दुष्टा, शाप मागे घे," राजा म्हणाला.

"मी शाप दिला नाही. तार दिली. ओवलीस तू," जटाल म्हणाला. "जो ज्याला हपापलेला, त्याला मी ते देतो. परत करायचे असेल तर तीन कामे आहेत. पहिल्याने माळ सैल होईल, दुसऱ्याने कडी उघडेल, तिसऱ्याने माळ गळेल."

पहिले काम म्हणून त्याने एक शिसवी पेटी पुढे सरकवली. तिला कुलूप नव्हते, झाकण नव्हते, फटसुद्धा नव्हती. न फोडता उघडायची.

राजाने आयुष्यात स्वतःच्या हाताने दारसुद्धा उघडले नव्हते. त्याने पेटी उलटी केली, सुलटी केली, दाबली, चोळली, तिला दटावलेसुद्धा. पहिला दिवस चिडण्यात गेला. दुसऱ्या दिवशी तो पालथा पडून तिच्या कडा बोटांनी चाचपू लागला. तिसऱ्या दिवशी तर गडी इतका रमला, की मुकुट कुठे ठेवला याची शुद्ध नाही, जेवणाची आठवण नाही, आपल्याशीच गुणगुणतो आहे. मुलगी कोपऱ्यात बसली होती. ती हातभर पुढे सरकली. मग आणखी हातभर.

"मला द्या ना जरा," ती म्हणाली.

वर्षभरात तिने काही मागितले नव्हते. राजाला खरे तर पेटी सोडवत नव्हती, पण त्याने दिली. मुलीने ती कानाशी धरून हलवली.

"आत काहीतरी गडगडतंय."

"डावीकडे की उजवीकडे?" राजाने विचारले. त्याला खरोखर ठाऊक नव्हते.

दोघांनी मिळून पेटी कलती केली, आतली गोळी हळूहळू गडगडत नेली, टक्कन कुठेतरी पाडली, आणि पेटीची एक बाजू सरकली. आत काय होते? काही नव्हते. दोघांनाही त्याचे वाईट वाटले नाही. राजाच्या गळ्यातली माळ सैल झाली होती.

दुसरे काम नदीचे. गुहेमागे एक नदी होती. सकाळी ती पूर्वेला वाहे आणि दुपारी पश्चिमेला. पाणी कुठे वळते, ते शोधायचे.

दोघे काठाने निघाली. राजा हमरस्ता धरणार होता, पण मुलीने एक पिंपळपान पाण्यात सोडले आणि म्हणाली, "याच्या मागे जाऊ या." पान गेले, अडकले, फिरले. ती धावत होती, गुडघाभर चिखलात उतरत होती, तिच्या गालांवर लाली आली होती. राजाचे मन भरून आले. इतके भरून आले, की जुनी सवय उसळली आणि तो ओरडला, "शाब्बास, तरले! हे सम्राटांना अस्संच सांगायचं हं!"

मुलगी थांबली. हातातले दुसरे पान तिने खाली टाकले.

"झालं," ती म्हणाली आणि काठावर येऊन नदीकडे पाठ करून बसली.

राजाने गळ्याला हात लावला. शंभराव्या जागी मोहरीएवढा स्फटिक उगवला होता. त्याने मुलीकडे पाहिले. तिच्या डाव्या डोळ्यावर धुके आले होते.

राजा रडला. राजे रडतात ते पडद्याआड, पण हा भर उन्हात, नदीकाठी, नाक ओढत रडला. मग तो मुलीपाशी गेला. "बाळ, मी चुकलो. तू माझ्यासाठी पळत नव्हतीस. तुझं तू पळत होतीस. ते मी हिसकावून घेतलं."

मग तो तिच्याशेजारी बसला. तो नुसता पाण्याकडे बघत राहिला. बराच वेळ बघितल्यावर त्याच्या मनात एक गोष्ट आली आणि तो आपल्याशीच पुटपुटला, "पाणी परत जातं, तेव्हा तळाचे गोटेही परत लोळत जात असतील का?"

थोड्या वेळाने मुलीने मान वळवली. "मोठे नसतील जात."

"का कोण जाणे."

"बघायला हवं," ती म्हणाली आणि उठली.

ती पाण्यात शिरली, मागोमाग राजा. गोट्यांवर हात फिरवत, चढत्या पाण्याबरोबर ती दोघे एका डोहाशी पोहोचली. डोहाच्या तळाशी एक प्रचंड कासव झोपले होते. सकाळी ते श्वास सोडी, दुपारी श्वास घेई. पाणी तिथे वळत होते. राजाने शाब्बास म्हटले नाही. "अगबाई!" एवढेच त्याच्या तोंडून निघाले, तेही पाणी तोंडात गेल्यामुळे नीट निघाले नाही. मुलगी खदखदून हसली. तिच्या डोळ्यावरचे धुके गेले, मोहरीएवढा स्फटिक विरघळला आणि माळेची कडी उघडली. तरी माळ गळली नाही.

"तिसरे काम माझ्याकडे नाही," जटाल म्हणाला. "ते तुझ्या घरी आहे. पौर्णिमा परवा आहे. माझ्या वाऱ्यावर बस आणि जा."

दोघे वाऱ्यावर बसली आणि घरी आली.

सम्राट आले. बरोबर सातशे हत्ती, त्यांच्या घंटा वाजल्या की नगरातल्या खिडक्या थरथरत. सरबत झाले, पान झाले. सम्राट सिंहासनावर रेलून म्हणाले, "भानुकीर्ते, तुमच्या कन्येची कीर्ती फार ऐकली. बोलवा. काहीतरी म्हणून दाखवू द्या."

तरलिका तेव्हा मागच्या बागेत मोतद्दाराबरोबर ओल्या मातीची धरणे बांधत होती. राजाने राणीकडे पाहिले. राणीचा चेहरा पांढरा पडला होता, पण तिने मान हलवली. नाही.

"क्षमा असावी, महाराज," राजा म्हणाला. "ती खेळते आहे. मी तिला बोलावणार नाही."

सम्राटांच्या सेनापतीचा हात तलवारीकडे गेला. "हे कुणाला सांगता, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. राज्य घ्या. ती माझी मुलगी आहे, माझा दागिना नाही."

हे बोलताच माळ त्याच्या गळ्यातून गळली. रत्ने फरसबंदीवर सांडली, फुटली, आणि त्यांतून धूर निघावा तसा उजेड निघून बागेच्या दिशेने गेला. बागेतून एक किंकाळी आली. आनंदाची होती. "आजोबा, केळफूल बघा! खालून बघा ना!"

सम्राट उठून उभे राहिले. त्यांनी सेनापतीला हाताने थांबवले. मग खांद्यावरचा भरजरी शेला बाजूला केला. त्यांच्या गळ्यात तशीच माळ होती. दोन-तीन रत्नांचीच जागा रिकामी होती.

"माझा कुमार चाळीस वर्षांचा आहे," सम्राट म्हणाले. आता ते कुणा म्हाताऱ्यासारखे बोलत होते. "चौदा विद्या त्याला मुखोद्गत. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतो. मला वाटे, विद्वान असेच बसत असावेत. भानुकीर्ते, काय केलेत तुम्ही?"

"ज्याचे उत्तर मला ठाऊक नाही, तेवढेच तिला विचारले."

सम्राट विचारात पडले. "मला ठाऊक नाही असे काय आहे? सगळे पंडित माझ्या पदरी आहेत." असे म्हणून ते दोन पावले चालले आणि थांबले.

"त्याला काय आवडते," ते हळूच म्हणाले, "ते मला ठाऊक नाही."

"मग तेच विचारा, महाराज," राणी म्हणाली.

सम्राट जेवायला थांबले नाहीत. हत्ती मागून येतील, असे सांगून ते घोड्यावर बसून निघून गेले.

त्यानंतर त्या राज्यात पाहुण्यांना सरबत मिळे, पान मिळे, पाढे मिळत नसत. तरलिका कधी आपणहून येऊन काही सांगे. सगळे ऐकत, आणि कुणी वाहवा करू लागला तर राणी त्याच्याकडे बघे. राजाने बागेत स्वतःच्या हाताने एक धरण बांधले. ते तीनदा फुटले आणि का फुटले यावर बापलेकीचे अजून एकमत नाही.

चार महिन्यांनी सम्राटांचा जासूद आला. पत्रात लिहिले होते, "कुमाराला कोळी आवडतात, जाळे विणणारे. राजवाड्यातली जळमटे झाडायला मी बंदी केली आहे. माळ सैल झाली."

कहाणी संपली. सांगणाऱ्याचा घसा निवो, ऐकणाऱ्याचे भले होवो. आणि ऐकता ऐकता ज्याने शेजारच्या पोराला विचारले, "काय रे, काय शिकलास या गोष्टीतून? सांग बघू!" त्याने ती पुन्हा पहिल्यापासून ऐकावी.